मावळातील स्थावर मालमत्ता गुंतवणूक

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात शेतजमीन, बिगरशेती भूखंड, सदनिका आणि बंगले यांत भाडे किंवा भाववाढीच्या अपेक्षेने केल्या जाणाऱ्या गुंतवणुकीचा हा आढावा आहे. तळेगाव दाभाडे, वराळे, आंबी, नवलाख उंबरे, वडगाव आणि लोणावळा हा पट्टा या व्यवहारांचे मुख्य क्षेत्र आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड आणि मुंबई येथील मध्यमवर्गीय खरेदीदार आणि जमीन विकून मिळालेली रक्कम पुन्हा जमिनीतच घालणारे स्थानिक शेतकरी असे दोन्ही घटक या बाजारात आढळतात. येथील गुंतवणूक फसते तेव्हा बहुधा भाव चुकलेला नसतो. जे विकत घेतले असे खरेदीदार समजतो ते कागदोपत्री त्याला मिळालेलेच नसते, हे त्याचे अधिक सामान्य कारण असते.

== पार्श्वभूमी ==

मावळ हा सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगतचा भाताचा प्रदेश आहे. ‘इंद्रायणी’ हे भाताचे वाण वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्रात विकसित झाले. १८६३ मध्ये भोर घाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबई-पुणे मार्गावरील गावांना शहरांशी जोडणारा पहिला मोठा दुवा मिळाला. तरीही तळेगावच्या आसपासच्या शेतजमिनीला शहरी भाव येण्यास विसाव्या शतकाचा अखेरचा काळ उजाडावा लागला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच सुमारास महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने तळेगाव परिसरात औद्योगिक क्षेत्र व पुष्पोद्यान उभारले. त्यानंतर नवलाख उंबरे, आंबी व वराळे या गावांकडे गुंतवणूकदारांचे लक्ष वळले. तळेगाव दाभाडे नगरपरिषदेलगत, इंद्रायणी नदीजवळ असलेल्या वराळे गावाच्या परिसरात व्यावसायिक शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत. त्यामुळे येथे विद्यार्थी व कामगार अशा दोन प्रकारच्या भाडेकरूंची मागणी असते.

औद्योगिक बातम्यांवर जमिनीचे भाव हलण्याचा अनुभव या पट्ट्याने अनेकदा घेतला आहे. जनरल मोटर्स या अमेरिकी मोटार कंपनीचा तळेगाव येथील कारखाना २००८ मध्ये सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तेथील वाहन उत्पादन थांबले. तो कारखाना ह्युंदाई कंपनीने घेतल्यानंतर २०२५ मध्ये तेथे पुन्हा उत्पादन सुरू झाले. मधल्या काळात परिसरातील भाड्याच्या खोल्यांवर ज्यांचे कर्जाचे हप्ते अवलंबून होते त्यांना एकाच मोठ्या मालकावर विसंबण्यातील धोका कळला. दुसरे उदाहरण २०२२ चे आहे. वेदांत व फॉक्सकॉन यांच्या प्रस्तावित अर्धवाहक प्रकल्पासाठी तळेगावचे नाव चर्चेत होते, परंतु त्या वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकल्प गुजरातकडे वळला. प्रकल्पाच्या घोषणेवर जमीन घेणारा खरेदीदार प्रत्यक्षात जमिनीवर नव्हे, तर एका निर्णयावर पैसे लावत असतो आणि त्या निर्णयावर त्याचे कोणतेही नियंत्रण नसते.

जमिनीचा प्रश्न मावळ व शेजारच्या मुळशी भागात केवळ आर्थिक राहिलेला नाही. १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह झाला आणि पुढे सेनापती बापट त्याचे प्रमुख नेते झाले. पवना धरणाच्या विस्थापितांचे पुनर्वसन दीर्घकाळ रेंगाळले. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे आंदोलन झाले, तेव्हा पोलीस गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. बाहेरच्या खरेदीदाराकडे स्थानिक लोक काहीशा सावधपणे पाहतात, त्यामागे हा इतिहासही आहे.

== शेतजमीन खरेदीची पात्रता ==

महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे शेतकरी असलेल्या व्यक्तीलाच शेतजमीन विकत घेता येते. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्यास जमीन देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. प्रादेशिक योजनेत रहिवास, वाणिज्य किंवा औद्योगिक वापरासाठी दाखविलेल्या जमिनींना नंतरच्या दुरुस्तीने सवलत मिळाली असली, तरी ठराविक मुदतीत तो वापर सुरू करण्याची अट कायम आहे. या अटींचा भंग झाल्यास व्यवहार अवैध ठरून जमीन शासनजमा होऊ शकते.

शहरातील खरेदीदार शेतकरी असल्याचा दाखला मिळविण्यासाठी नात्यातील कोणाच्या तरी सातबाऱ्यावर आपले नाव लावून घेतो, हा प्रकार सर्रास आढळतो. वारसाने आलेले नाव आणि ऐनवेळी चढवलेले नाव यांतील फरक फेरफार नोंदवहीत स्पष्ट दिसतो. दहा-पंधरा वर्षांनी जमीन पुन्हा विकताना नव्या खरेदीदाराचा वकील नेमकी तीच नोंद काढतो.

कुळकायद्याने मिळालेल्या जमिनींचा प्रश्न स्वतंत्र आहे. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिना’नंतर कुळांनी खरेदी केलेल्या जमिनींच्या हस्तांतरावर कलम ४३ चे बंधन होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदी प्रमाणपत्रास दहा वर्षे झाली असल्यास, आकारणीच्या चाळीस पट नजराणा भरून अशी जमीन विकता येते. ही रक्कम किरकोळ असते, पण ती न भरता झालेला व्यवहार मात्र किरकोळ राहत नाही. मावळात कुळांच्या जमिनी मोठ्या प्रमाणात असल्याने सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना मालकाच्या नावाइतकाच काळजीपूर्वक वाचावा लागतो. भोगवटादार वर्ग २, इनाम व वतन, देवस्थान, प्रकल्पग्रस्तांना वाटप झालेली जमीन, पुनर्वसनासाठी राखीव, आदिवासी खातेदार यांपैकी कोणताही शेरा आढळल्यास जिल्हाधिकारी किंवा शासन यांच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे जाणे धोक्याचे ठरते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीबाबत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ची कलमे ३६ व ३६अ विशेष कडक आहेत.

== गुंठ्यांचे व्यवहार ==

मावळातील छोट्या गुंतवणूकदाराची सर्वाधिक बचत ज्या एका प्रकारात अडकते, तो म्हणजे शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शेतकऱ्याकडून किंवा मध्यस्थाकडून एक-दोन एकर जमीन घेतली जाते, तिच्यावर चुन्याच्या रेघा मारून व सिमेंटचे खांब रोवून ‘प्लॉट’ पाडले जातात आणि सुट्टीच्या दिवशी गाडी पाठवून ग्राहकांना जागा दाखविली जाते. दर बिगरशेती भूखंडापेक्षा पुष्कळ कमी असतो, म्हणूनच ग्राहक आकृष्ट होतो.

कायद्याच्या दृष्टीने तो भूखंड अस्तित्वातच नसतो. शेतजमिनीचे लहान तुकडे होऊ नयेत यासाठी १९४७ मध्ये तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा झाला. २०२३ च्या अधिसूचनेनुसार राज्याच्या बहुतेक भागांत जिरायत जमिनीसाठी २० गुंठे व बागायत जमिनीसाठी १० गुंठे असे प्रमाणभूत क्षेत्र ठरले. त्याहून लहान तुकडा मंजूर रेखांकनाशिवाय वेगळा विकता येत नाही. यातून वाट काढण्यासाठी दहा-अकरा अनोळखी खरेदीदारांची नावे एकाच खरेदीखतात घालून अकरा गुंठे जमीन सामाईकपणे विकली जाते. सातबाऱ्यावर सर्वांची नावे येतात, परंतु कोणाचा हिस्सा कोणत्या बाजूला आहे हे त्यावर कुठेही लिहिलेले नसते. रस्त्याकडेचा गुंठा आणि ओढ्याकडेचा गुंठा यांतील फरक फक्त मध्यस्थाने दिलेल्या हाताने काढलेल्या नकाशात असतो.

अशा सामाईक मालकीचे परिणाम हळूहळू दिसतात. तिच्यावर बँक सहसा कर्ज देत नाही. बांधकाम परवानगीसाठी सर्व सहहिस्सेदारांची संमती लागते. एकाचे निधन झाल्यास त्याचे सर्व वारस सातबाऱ्यावर येतात आणि पाच वर्षांत अकरा नावांची तीस नावे होतात. जमीन विकायची ठरल्यास घेणारा पुन्हा त्याच प्रकारच्या जोखमीला तयार असलेला मनुष्य असावा लागतो. दाखविलेला अंतर्गत रस्ता कोणाच्या मालकीचा आहे, हा प्रश्न तर बहुतेकांना कुंपण घालतानाच पडतो. तहसीलदाराकडून बांधावरून वाट मिळविण्याची महसूल संहितेच्या कलम १४३ मधील तरतूद शेतीच्या वहिवाटीसाठी आहे. बंगल्यापर्यंत मोटार नेण्यासाठी तिचा भरवसा धरता येत नाही.

शासनाची भूमिकाही या काळात स्थिर राहिली नाही. नोंदणी महानिरीक्षकांनी १२ जुलै २०२१ रोजी परिपत्रक काढून अशा दस्तांच्या नोंदणीस मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे २०२२ मध्ये ते रद्द ठरविले. तुकडेबंदीविरुद्ध झालेले जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत शुल्क भरून नियमित करण्याची सोय २०१७ मध्ये झाली, २०२४ मध्ये ते शुल्क ५ टक्क्यांवर आले आणि २०२५ च्या अखेरच्या अध्यादेशाने नागरी व विकास प्राधिकरणांच्या क्षेत्रातील जुने व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याकडे शासन वळले. या सवलतींमुळे हजारो कुटुंबांना दिलासा मिळणे शक्य आहे. मात्र नियमितीकरणाने तुकडेबंदीचा दोष दूर होतो, मूळ विक्रेत्याच्या मालकीतील दोष नव्हे. मंजूर रेखांकन, रस्ता व बांधकाम परवानगी हे प्रश्नही त्यातून आपोआप सुटत नाहीत. जाहिरातींत ‘आता गुंठा नियमित’ असे म्हटले जाते तेव्हा हा भेद सोयीने गाळला जातो.

== मालकीची तपासणी ==

सातबारा उतारा हा मुळात महसूल गोळा करण्यासाठीचा अभिलेख आहे. त्यातील नोंदी महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात, पण त्या मालकी निर्माण करीत नाहीत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्याला तर याहून कमी वजन आहे, कारण ती घरपट्टी आकारणीची नोंदवही असते. वराळ्यासारख्या वाढत्या गावांत केवळ या उताऱ्यावर घरे विकली जातात आणि खरेदीदार त्याला ‘पक्का कागद’ समजतो.

काळजीपूर्वक तपासणीत किमान तीस वर्षांचे सातबारे, त्यांवरील प्रत्येक फेरफार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ यांचा शोध घेतला जातो. फेरफार नुसते क्रमांकाने पाहून भागत नाही. मूळ अर्ज, नोटिसा व वारसनोंदी वाचाव्या लागतात. अनेक जुन्या वारसनोंदींत मुलांचीच नावे आढळतात, मुलींची नसतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच सहदायक हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात असे स्पष्ट केले की त्या दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही. परिणामी विक्रेत्याच्या बहिणी, आत्या व त्यांच्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र मिळाल्याशिवाय वडिलोपार्जित जमिनीचा व्यवहार सुरक्षित मानला जात नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली नोंदणीकृत वाटणी किंवा विक्री याला अपवाद आहे. बहिणींच्या सह्यांची मागणी करणे हा विक्रेत्याच्या कुटुंबावरील अविश्वास नव्हे, हे गावात समजावून सांगणे हाच व्यवहाराचा सर्वांत नाजूक भाग असतो.

नावांतील साम्याचाही येथे विचार करावा लागतो. पुणे जिल्ह्यात वराळे नावाची दोन गावे आहेत. एक तळेगावजवळ मावळ तालुक्यात आणि दुसरे खेड तालुक्यात, चाकण औद्योगिक क्षेत्राच्या भांबोली-सावरदरी भागात. दोन्ही गावांभोवती कारखाने आहेत आणि दोन्ही ‘एमआयडीसीलगत’ म्हणून विकली जातात. जाहिरातीतील अंतर व दर एका गावाचे आणि गट क्रमांक दुसऱ्या गावचा, असा घोळ टाळण्यासाठी उताऱ्यावरील तालुक्याचे नाव पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

कागद आणि जमीन एकमेकांशी जुळतात की नाही, हे मोजणीतून कळते. भूमी अभिलेख खात्याकडून ‘हद्द कायम’ मोजणी करून घेतल्यावर सातबाऱ्यावरील क्षेत्र व ताब्यातील क्षेत्र यांतील तफावत उघड होते. मोजणीला लागणाऱ्या काही महिन्यांच्या विलंबामुळे बरेच खरेदीदार ती खरेदीनंतरवर टाकतात, आणि तेव्हा तफावतीबद्दल बोलण्याचा जोर उरलेला नसतो. जमीन पाहण्याची वेळही महत्त्वाची आहे. मावळातील भाताची खाचरे मार्च-एप्रिलमध्ये सपाट, कोरडी व बांधकामास योग्य वाटतात. जुलैत त्यांत गुडघाभर पाणी असते. जाणकार खरेदीदार एकदा पावसाळ्यात जागेवर जाऊन येतो.

विसार पावती, नोटरीसमोरील करार, कुलमुखत्यारपत्र व ताबा पावती यांच्या आधारे जमिनी हातोहात फिरतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार विक्रीच्या करारामुळे मालकी येत नाही, आणि २०११ च्या सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कुलमुखत्यारपत्राद्वारे केलेली ‘विक्री’ मालकी देत नसल्याचे सांगितले. नोंदणीकृत खरेदीखतानंतर फेरफाराची नोंद होते आणि तीवर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. पूर्वीच्या तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, हरकत आल्यास ती नोंद तक्रारी नोंदवहीत घ्यावी लागते. विक्रेत्याला पूर्ण रक्कम देण्याआधी हा टप्पा पार होऊ देणे, किंवा निदान काही रक्कम राखून ठेवणे, ही अनुभवी खरेदीदारांची पद्धत आहे.

== विभाग, पूररेषा व इतर बंधने ==

वराळे व तळेगाव परिसरातील ग्रामपंचायतींच्या हद्दीत बांधकाम परवानगी देण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. तो २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे, आणि २०२० मध्ये लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली तेथे चालते. प्राधिकरणाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा अंतिम मंजुरीपर्यंत पोहोचला नाही. त्या प्रारूपातील ‘पिवळा पट्टा’ (रहिवास विभाग) पाहून ज्यांनी शेतजमिनी घेतल्या त्यांचा अंदाज त्यामुळे अधांतरी राहिला. प्रारूप नकाशावर नव्हे, तर नगररचना विभागाने दिलेल्या अधिकृत विभाग दाखल्यावर विसंबणे हाच या अनिश्चिततेवरचा व्यवहार्य मार्ग आहे.

नदीकाठच्या जमिनींना पूररेषांचे बंधन असते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा विभाग निश्चित करतो. नदी व निळी रेषा यांमधील पट्ट्यात बांधकामास मनाई असते. या नियमाची किंमत किती मोठी असू शकते हे इंद्रायणीच्याच काठावर, वराळ्यापासून प्रवाहाच्या खालच्या बाजूस असलेल्या चिखली येथे मे २०२५ मध्ये दिसले. निळ्या पूररेषेत छोट्या भूखंडांवर उभे राहिलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने पाडले. भूखंड विकत घेताना आणि घरे बांधताना रहिवाशांनी आयुष्यभराची बचत घातली होती. खरेदीखते नोंदलेली होती, मुद्रांक शुल्क भरलेले होते आणि वीजजोडही मिळालेले होते. यांपैकी एकही गोष्ट बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा ठरली नाही, कारण दस्त नोंदविणारा दुय्यम निबंधक पूररेषा तपासत नाही.

लोणावळ्याकडील डोंगराळ भागात बंधनांचे स्वरूप बदलते. डोंगरमाथा व डोंगरउताराचा विभाग, १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याखालील नोंदी, पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचना आणि नौदलाच्या आस्थापनांलगतचे निर्बंध यांची तपासणी तेथे आवश्यक असते. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचा प्रतिबंधित पट्टा, म्हणजे लोकभाषेतील ‘रेड झोन’, हेही असेच एक बंधन आहे. त्या पट्ट्यात बांधलेली घरे वर्षानुवर्षे राहती असली, तरी त्यांची फेरविक्री व त्यांवरील कर्ज अवघड जाते.

== सदनिका आणि महारेरा ==

सदनिकांच्या बाबतीत खरेदीदाराचे संरक्षण तुलनेने चांगले आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ खाली मे २०१७ पासून महारेरा कार्यरत आहे. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जागेवरील आणि आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि बांधकामातील संरचनात्मक दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे विकासकावर असते. बिगरशेती भूखंडांच्या रेखांकनांनाही नोंदणी लागू होते. गुंठेवारी प्रकारच्या विक्रीचा महारेरा क्रमांक सहसा नसतो, यातच तिचे स्वरूप उघड होते.

या संरक्षणाला मर्यादा आहेत. ताबा लांबल्यास व्याजासह परताव्याचा आदेश मिळतो, पण वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली थकबाकीप्रमाणे करावी लागते आणि तीत वर्षे जातात. मुळशी तालुक्यातील लवासा या नियोजित नगराची कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली आणि घरखरेदीदारांना धनको म्हणून दावे दाखल करून वाट पाहावी लागली. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीचा लिलाव सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१७ मध्ये काढण्यात आला. त्याची राखीव किंमत ३७,३९२ कोटी रुपये होती, पण खरेदीदार मिळाला नाही. कागदावरील मूल्यांकन आणि घेणारा माणूस या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच दिसते.

तळेगाव-वराळे पट्ट्यातील सदनिकांत पाण्याची उपलब्धता हा स्वतंत्र मुद्दा आहे. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेरील गृहसंकुलांत उन्हाळ्यात टँकरचा खर्च देखभाल शुल्कात मिसळतो आणि भाड्याचा हिशेब बिघडवितो. भोगवटा प्रमाणपत्र व संस्थेच्या नावे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे फेरविक्रीच्या सदनिकेत आधी विचारले जाते. विकासकाने टाळाटाळ केल्यास १९६३ च्या मोफा कायद्यातील मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला असतो.

== भाडे, तरलता व कर ==

भाड्याचे उत्पन्न सदनिकेच्या किमतीच्या तुलनेत कमी असते आणि कर्जाचा हप्ता केवळ भाड्यातून क्वचितच फिटतो. विद्यार्थ्यांना खोल्या देणाऱ्या मालकांना उन्हाळी सुट्टीतील रिकामे महिने धरून हिशेब करावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. शेतजमिनीतून भाडे जवळजवळ मिळत नाही. तिथे गुंतवणूकदार फक्त काळावर भिस्त ठेवतो. त्यामुळे जमीन उसन्या पैशांवर न घेणे आणि पाच-सात वर्षांत लागणारी रक्कम तीत न अडकवणे हे येथील वकील व जुने मध्यस्थ सहसा सुचवितात.

करांच्या बाबतीत मावळाच्या भूगोलाला विशेष अर्थ आहे. १९६१ च्या आयकर कायद्याने घालून दिलेल्या नियमानुसार ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ता मानली जात नाही आणि तिच्या विक्रीवर भांडवली नफा कर लागत नाही. मात्र १०,००० ते १ लाख लोकसंख्येच्या नगरपालिकेपासून २ किलोमीटर, १ ते १० लाखांपर्यंत ६ किलोमीटर आणि त्याहून मोठ्या शहरापासून ८ किलोमीटर अंतरातील जमीन ग्रामीण ठरत नाही. हे अंतर रस्त्याने नव्हे, तर हवाई रेषेत मोजले जाते. तळेगाव दाभाडे नगरपरिषदेला लागून असलेल्या गावात एकाच शिवारातील एक गट करपात्र आणि पलीकडचा करमुक्त असू शकतो. पिंपरी-चिंचवडची हद्दही वेगळी मोजावी लागते.

रोख व्यवहारांची सवय या बाजारातून पूर्णपणे गेलेली नाही. २०१५ पासून स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो. पन्नास लाख रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या बिगरशेती मालमत्तेवर खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरणे आवश्यक असते. दस्तातील किंमत वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यापेक्षा बरीच कमी असल्यास फरकाची रक्कम दोन्ही पक्षांच्या उत्पन्नात धरली जाऊ शकते.

== शेतकरी विक्रेते आणि भूसंपादन ==

जमीन विकणाऱ्या कुटुंबांसमोरील अडचणी बहुतेक मार्गदर्शक लेखनात येत नाहीत, वास्तविक त्यांचा धोका अधिक मोठा असतो. विकसन करारात शेतकरी जमीन देतो आणि बांधलेल्या क्षेत्राचा हिस्सा घेतो. मात्र करारासोबत दिलेल्या कुलमुखत्यारपत्रामुळे जमीन गहाण पडण्याची शक्यता असते. मुदत, बँक हमी आणि गहाण ठेवण्यास मनाई ही तीन कलमे नसतील, तर हिस्सा कागदावरच राहतो. याउलट हडपसर येथील मगरपट्टा सिटीत सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर विकसित केले आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भागधारक झाले. पुणे जिल्ह्यात याचे अनुकरण करण्याची भाषा नेहमी होते, पण एकसंध जमीन आणि परस्परविश्वास या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून येणे दुर्मिळ आहे.

पुणे वर्तुळाकार रस्त्यासारख्या प्रकल्पांसाठी मावळात भूसंपादन होत आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार प्राथमिक अधिसूचनेनंतर त्या जमिनीचे खरेदी-विक्री व्यवहार करता येत नाहीत. मोबदला ठरविताना मागील तीन वर्षांतील आसपासच्या नोंदणीकृत खरेदीखतांपैकी अधिक किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी पाहिली जाते. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी दस्तात कमी किंमत दाखविण्याची गावोगावची सवय अशा वेळी साऱ्या शिवाराच्या मोबदल्यावर परिणाम करते. ज्यांनी स्वतः कधी जमीन विकली नाही त्यांनाही तिची झळ बसते. या कायद्याखालील मोबदल्यावर आयकर लागत नाही. मोबदल्याची नोटीस अभिलेखावर नाव असलेल्यांना जाते. विसार पावती किंवा नोटरी करारावर गुंठा घेतलेल्या खरेदीदाराचे नाव तेथे नसते. त्याने विक्रेत्याला दिलेले पैसे परत मिळविण्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. सामाईक सातबाऱ्यावरील हिस्सेदारांत वाटपावरून वाद झाल्यास मोबदल्याची रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि निकाल लागेपर्यंत तिथेच राहते.